गिअर बदलण्याआधी

वैरागच्या स्टँडवरून एसटी सुटताना आपण पाहतो. ड्रायव्हर डाव्या पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर टाकतो. काही मोटारींत हे काम यंत्रच करते. अमेरिकेतील ओल्डस्मोबिल कंपनीने 1940 च्या मोटारींत असा स्वयंचलित गिअर दिला होता.

कुणी जुनी, वेगवान मोटार स्वस्तात घेतो. तिचा स्वयंचलित गिअर बिघडतो. मिस्त्री म्हणतो, "हाताचा बसवू." बसतो, पण नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही.

इंजिन आणि स्वयंचलित गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला गोल डबा असतो. त्यातले तेल फिरून इंजिनाचा जोर पुढे देते. तो डबा काढून तिथे क्लचप्लेट बसवावी लागते. तिच्याजोगे फ्लायव्हील लागते. पायाशी क्लच हवा, हाताशी दांडी हवी. काही गाड्यांत चाकांकडे जाणारा दांडाही बदलावा लागतो.

आता जिवाची गोष्ट. स्वयंचलित मोटार गिअरमध्ये असताना सुरू होत नाही. तशी तारच असते. घाईत ती तार नुसती जोडून टाकली, तर काय होईल? गिअरमधली गाडी किल्ली फिरवताच उडी घेईल. पुढे पोर उभे असले तर? म्हणून आम्ही सांगतो, क्लच दाबल्यावरच गाडी सुरू होईल, अशी तार करून घ्या.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात 52 वे कलम गाडीतील फेरबदलांविषयी आहे. खर्चाआधी आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीत विचारा. उत्तर लेखी घ्या. आता आपल्याला वाचता येते. कागद वाचा, मगच पैसे मोजा.