कान ऐकतो, तरी अक्षर का चुकते?

संध्याकाळी आई श्रुतलेखन घेते. ती ‘पूल’ म्हणते, मूल ‘फूल’ लिहिते. ‘धार’चे ‘दार’ होते. ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून एक धपाटा बसतो. काही दिवसांनी मूलच म्हणू लागते, ‘मी मठ्ठ आहे.’ पुढे शाळा सुटते, ती अशीच. पालकहो, धपाट्याआधी हे समजून घ्या.

ऐकण्याचे काम एकट्या कानाचे नाही. कान आवाज पोहोचवतो. तो कोणता, हे मेंदू ओळखतो. ‘प’ आणि ‘फ’मधला फरक क्षणभराचा असतो. काही मुलांचा कान चांगला असूनही मेंदूला असे जवळचे आवाज वेगळे करणे जड जाते. गोंगाटात तर आणखीच. वाचायचे म्हणजे अक्षराला आवाज जोडायचा. आवाजच धूसर असेल, तर जोडायचा कसा?

मात्र वाचनात अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच त्रास असतो असे नाही. हेच वाचन अक्षमतेचे मूळ कारण आहे का, यावरही शास्त्रज्ञांचे एकमत नाही. म्हणून घरी निष्कर्ष काढू नका, तपासणी करा.

या खुणा पाहा
- सारखे ‘काय? काय म्हणालीस?’ विचारणे
- दोन-तीन कामे एकदम सांगितली की गोंधळणे
- शांत खोलीत समजते, गलक्यात समजत नाही
- तोंडी उत्तर येते, पण वाचताना-लिहिताना अडते

तपासणी कुठे?
आधी कान दाखवा. कान फुटणे, पू येणे, मळ साचणे यानेही कमी ऐकू येते आणि त्यावर उपचार आहे. कानात तेल किंवा काडी घालू नका. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणीबद्दल विचारा. कान चांगला निघाला, तरी अडचण सांगा. आवाज ओळखण्याच्या खास चाचण्या साधारण सात वर्षांनंतर होतात. तोवर मदत मात्र थांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते; त्या पथकालाही सांगा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते.

घरी काय करावे?
- बोलण्याआधी टीव्ही बंद करा, नाव घेऊन मुलाला समोर बोलवा.
- एका वेळी एकच काम सांगा आणि ते त्याच्याकडून परत वदवून घ्या.
- रोज दहा मिनिटे आवाजाचे खेळ घ्या. ‘क-म-ळ’ला तीन टाळ्या, ‘भाकरी’तला पहिला आवाज कोणता?
- बाईंना सांगून पहिल्या बाकावर, दार-खिडकीच्या गोंगाटापासून दूर बसवा.
- घरात दाटी असेल, तर विहारात अभ्यासाला शांत कोपरा ठरवा.

यावर गोळी किंवा सिरप नाही. ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ बाटलीवर पैसे घालवू नका. लागतो तो सराव, आणि धीर.

एक हक्कही लक्षात ठेवा. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वाचन अक्षमता त्यातच येते. प्रमाणपत्र मिळाले, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी दहावीची वाट पाहू नका. दुसरी-तिसरीतच मूल अडखळताना दिसले, तर त्याच महिन्यात दाखवा.