खिशातला कॅमेरा आणि गळ्यातला कॅमेरा

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात ताडकळस हे माझे गाव. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. सुट्टीत गावी गेलो की शाळेच्या विज्ञान मंडळाची मुले काही ना काही प्रश्न घेऊन घरी येतात. मागच्या दिवाळीनंतर ती आली ती भांडतच आली. एका माजी विद्यार्थ्याने मंडळाला कॅमेऱ्यासाठी रक्कम दिली होती. वापरलेले दोन कॅमेरे साधारण त्याच किमतीत मिळत होते, आणि घ्यायचा होता एकच.

पहिला कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावणारा. बंद केला की त्याचे भिंग आत सरकते. त्यावर ‘३० पट झूम’ असे ठळक लिहिलेले, आणि आत १८ मेगापिक्सेल. दुसरा गळ्यात अडकवण्याचा, नवशिक्यांसाठी असतो तसला. त्याचे भिंग फिरवून काढता येते आणि त्या जागी दुसरे बसवता येते. पण सोबत मिळत होते एकच, १८ ते ५५ मिलिमीटरचे. पिक्सेल २४ मेगा. त्याच्या आत आरसा होता. अलीकडच्या अशा कॅमेऱ्यांत तो आरसा काढून टाकलेला असतो, पण आपल्या हिशोबात त्याने काही फरक पडत नाही.

“सर, कोणता चांगला?” मुलांनी विचारले. मी म्हटले, “कशासाठी चांगला, ते आधी ठरवू. मग मोजू.” दोन्ही कॅमेरे महिनाभरासाठी मागून आणले.

पहिली परीक्षा आमच्याच ओसरीवर झाली. दिवे मालवले, एक मेणबत्ती लावली आणि एका मुलाला पुस्तक वाचत बसवले. दोन्ही कॅमेरे एकाच जागी ठेवले, दोन्हींत सारखेच दृश्य घेतले आणि झडप १/३० सेकंद उघडी राहील अशी योजना केली. गळ्यातल्या कॅमेऱ्याचा फोटो स्वच्छ आला. खिशातल्याच्या फोटोत भिंतीवर रंगीबेरंगी कण उठले आणि पुस्तकातील अक्षरे बोटाने पुसल्यासारखी दिसू लागली.

येथे आठवीतील एका मुलीने फार चांगली शंका काढली. दोन्ही भिंगांच्या कडेला ३.५ हाच आकडा कोरलेला होता. “आकडा सारखा, वेळ सारखा, मग प्रकाश कमी का पडला?” तिचा हा प्रश्न सुटला की दोन कॅमेऱ्यांमधला निम्मा फरक कळला असे समजा.

हा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. तिला एफ-अंक म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्यात त्या दृश्यासाठी नाभीय अंतर १८ मि.मी. होते, म्हणून छिद्र १८ ÷ ३.५, म्हणजे सुमारे ५.१ मि.मी. लहान कॅमेऱ्यात तेवढेच दृश्य टिपायला सुमारे ५ मि.मी. नाभीय अंतर पुरते, म्हणून छिद्र अवघे १.४ मि.मी. व्यासांचे प्रमाण ३.६, तर क्षेत्रफळांचे प्रमाण त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे १३. त्याच दृश्याकडून येणारा प्रकाश मोठ्या कॅमेऱ्यात १३ पट अधिक शिरत होता.

मग एफ-अंक सारखा असून काय सारखे राहते? सारखा राहतो तो दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे, आता तिच्या जागी सिलिकॉनची चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी असा पहिला कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याच्या चित्रात आडवे १०० आणि उभे १०० एवढेच ठिपके होते. आमच्या खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर ६.२ × ४.६ मि.मी., म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. मोठ्याचा २३.५ × १५.६ मि.मी., एखाद्या लहान टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळे काढून भागाकार करा, उत्तर पुन्हा १३ च्या आसपासच येईल. पाऊस सारखाच पडतो आहे, पण एकाने अंगणात वाटी ठेवली आहे आणि दुसऱ्याने परात.

पावसाचीच उपमा पुढे नेऊ. भिंतीवर रंगीत कण का उठले, तेही तिच्यातून कळते. पावसाची भुरभुर चालू असताना बाटल्यांची दहा बुचे अंगणात क्षणभर ठेवा. एकात तीन थेंब पडतील, शेजारच्यात सहा. आता दहा ताटे ठेवा. त्यांतील थेंबांची संख्या एकमेकींच्या पुष्कळ जवळ असेल. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने, म्हणजे प्रकाशकणांनी येतो. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडणार असतील, तर प्रत्यक्षात त्यात १०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० चा चढउतार होतो. हे झाले दहा टक्के. सरासरी १००० असेल तर चढउतार ३२ चा, म्हणजे जेमतेम तीन टक्के. आमच्या मोठ्या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल लहान कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या जवळजवळ दहापट क्षेत्रफळाचा होता. म्हणून एकसारख्या रंगाची भिंत एकात एकसारखी दिसली आणि दुसऱ्यात ठिपक्याठिपक्यांची. ते ठिपके लपवण्यासाठी कॅमेरा शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतो, आणि त्याबरोबर अक्षरेही पुसली जातात. यात त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याला वाटीच मिळाली होती.

या निकालावर मोठ्या कॅमेऱ्याचा पक्ष खूश झाला. ती खुशी शुक्ल दशमीपर्यंत टिकली.

दशमीच्या संध्याकाळी आम्ही चंद्राचे फोटो घेतले. कॅमेरे स्वयंचलित ठेवले तेव्हा दोन्हींत चंद्र म्हणजे नुसती पांढरी टिकली आली. काळे आकाशच जास्त असल्याने कॅमेऱ्याला वाटते की प्रकाश कमी आहे, आणि तो झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. चंद्रावर तर भर उन्हाची दुपार असते! झडपेचा वेळ १/१२५ सेकंद केल्यावर डाग आणि विवरे दिसू लागली. आणि खिशातल्या कॅमेऱ्याने मोठ्याला सरळ हरवले.

कारण पाहा. चंद्राचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे. म्हणून भिंगाने पडणारी त्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या ११० व्या भागाएवढी असते. मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग ५५ मि.मी. पर्यंतच जाते, म्हणून प्रतिमा ०.५ मि.मी.; तिच्या व्यासावर जेमतेम १३० पिक्सेल. लहान कॅमेऱ्याचे भिंग पूर्ण ताणल्यावर १२३ मि.मी., म्हणून प्रतिमा १.१ मि.मी.; आणि पिक्सेल बारीक असल्याने तेथे ८९० पिक्सेल!

पण या ८९० च्या आकड्याला फसू नका. प्रकाश ही लहर आहे. लहान छिद्रातून जाताना ती पसरते आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. यालाच विवर्तन म्हणतात. ताणलेल्या भिंगाचा एफ-अंक ६.४ होता, म्हणजे छिद्र सुमारे १९ मि.मी. एवढ्या छिद्रातून चंद्राच्या व्यासावर वेगवेगळे ओळखू येतील असे ठिपके जास्तीत जास्त २६० मिळतात. बाकीचे पिक्सेल तीच माहिती पुनःपुन्हा सांगतात. जाहिरातीत मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत छापतात आणि छिद्राचा व्यास कोठेच छापत नाहीत, हे मला कधी पटलेले नाही. तरीही १३० हून २६० बरेच. कोपर्निकस हे विवर ९३ किलोमीटर रुंद आहे. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत ते तीन-चार पिक्सेलांचा डाग होते, लहान कॅमेऱ्याच्या फोटोत त्याची गोल कडा दिसली.

तुमच्या घरच्या मोबाइल फोनच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर साधारण ५ ते ७ मि.मी. असते. फोनमध्ये चंद्र एवढासा का येतो, ते आता तुम्हीच काढा. घरगुती फोटोंचे काम फोनने उचलल्यामुळे खिशातले साधे कॅमेरे बाजारातून बरेचसे गेले. लांब झूमवाले काही तग धरून आहेत, त्याचे कारणही याच गणितात आहे.

तिसरी परीक्षा कापसाच्या शेतात झाली. पानाच्या खालच्या बाजूला मावा होता. त्या किडीची लांबी एक-दोन मिलिमीटर. लहान कॅमेरा पानापासून ५ सेंटिमीटरवर नेता येत होता आणि झाडाच्या आत सहज शिरत होता. मोठ्याला हातभर जागा लागे. किड्याचा आकार दोन्ही फोटोंत साधारण सारखाच आला. पण लहान कॅमेऱ्यात पुढचा-मागचा मावाही स्पष्ट होता, मोठ्यात एकच रांग स्पष्ट आणि बाकी धूसर. रात्री नडलेले बारीक छिद्र येथे उपयोगी पडले, कारण बारीक छिद्रातून येणारा प्रकाशाचा शंकू अरुंद असतो आणि वस्तू थोडी पुढेमागे असली तरी प्रतिमा फारशी पसरत नाही. मोठ्या कॅमेऱ्याचे छिद्र एफ १६ पर्यंत मिटवले तेव्हा तोही तेवढाच स्पष्ट फोटो देऊ लागला. मात्र प्रकाश आठपट घटला. दुपारचे ऊन होते म्हणून निभावले. ही परीक्षा बरोबरीत सुटली असे मी म्हणेन. मुलांनी लहान कॅमेऱ्याला अर्धा गुण जास्त दिला.

बोंडाची वाढ रोज एक फोटो घेऊन दाखवावी, अशीही टूम निघाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे असेच चित्रण केले होते. त्यासाठी कॅमेरा हलू न देणे एवढेच महत्त्वाचे, तेव्हा तेथे दोन्ही सारखेच.

शेवटची परीक्षा अमावास्येची. गावाबाहेर शेतात आकाश अजून काळेभोर असते. मृग नक्षत्र वर आल्यावर दोन्ही कॅमेरे घोडीवर बसवून १५ सेकंदांचे फोटो घेतले. १३ पट प्रकाश म्हणजे ताऱ्यांच्या प्रतींच्या हिशोबात जवळजवळ तीन प्रतींचा फरक. लहान कॅमेऱ्यात मृगाची मुख्य आकृती आली, मोठ्यात तिच्याभोवती ताऱ्यांचा सडा पडला.

आता मुले पुन्हा दोन तट करून बसली. मी खिशातल्याच्या बाजूने होतो. मंडळाला चंद्र आणि पिकांवरील किडी यांचेच फोटो हवे होते, आणि दुसरे भिंग घ्यायला पैसे उरणार नव्हते. तेव्हा तीच आठवीतली मुलगी म्हणाली, “सर, मोठ्याचं भिंग निघतं ना? मग तिथं तुमच्या कॉलेजची दुर्बीण बसेल का?”

बसते! मध्ये एक धातूची कडी लागते, ती फार महाग नसते. आमच्या दुर्बिणीचे भिंग ७० मि.मी. व्यासाचे आणि ७०० मि.मी. नाभीय अंतराचे आहे. ओसरीवरच्या फळ्यावर तिनेच गणित मांडले: ७०० ÷ ११०, म्हणजे प्रतिमा ६.४ मि.मी. आणि तिच्या व्यासावर सुमारे १६०० पिक्सेल. विवर्तनाचा हिशोब मी केला. वेगवेगळे ठिपके ९४० च्या आसपास येतात. मी माझे मत मागे घेतले. गळ्यातला कॅमेरा घेतला, आणि पुढच्या शुक्ल दशमीला दुर्बीण एसटीने ताडकळसला आणली.