खारभूमीचे बांध आणि आपत्तीनिवारणाचा निधी

पूर किंवा वादळ येऊन गेल्यावर मिळणारे साहाय्य सर्वांना परिचित आहे. आपत्ती येण्यापूर्वी संरक्षणासाठी निधी मागता येतो, ही गोष्ट मात्र ग्रामीण भागात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. कोकणातील खारभूमी हे याचे बोलके उदाहरण होय.

बांधाचे कार्य

रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग आदी तालुक्यांत खाडीकाठची बरीच भातशेती उधाणाच्या पातळीहून सखल आहे. ती टिकते ती मातीच्या बांधांमुळे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. भरतीच्या दाबाने त्यांची झडप मिटते आणि ओहोटी लागताच ती उघडून शेतातील पावसाचे पाणी खाडीत जाते. अतिवृष्टी आणि उधाण एकाच वेळी आल्यास गाळाने भरलेली उघाडी पूर वाढविते, तर खेकड्यांनी पोखरलेल्या बांधाला खांड पडते. लहानशी खांड वेळीच न बुजविल्यास प्रत्येक भरतीबरोबर ती रुंदावत जाते.

शेतात शिरलेला खार धुऊन जाण्यास काही पावसाळे लागतात. खांड तशीच राहिली तर शेतात कांदळवन वाढते. कांदळवन लाटांचा जोर मोडून किनाऱ्याचे रक्षण करते, म्हणून त्यास कायद्याचे संरक्षण आहे. परंतु त्यामुळेच अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे दुष्कर होते. ही हानी एका हंगामाची नसून पिढीची असते.

जबाबदारीचा इतिहास

पूर्वी बांधांची राखण खोत व जमीनमालक कुळांच्या श्रमातून करवून घेत. खोती नष्ट झाली, कुळे मालक झाली. तथापि बांध सर्वांचा आणि म्हणून कोणाचाच नाही, अशी स्थिती अनेक गावी उद्भवली. अल्पभूधारकांना सामुदायिक बांधाचा खर्च पेलणारा नव्हता. 1948 चा मुंबई खारजमीन अधिनियम आणि त्यानंतर 1979 चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी हे काम शासनाच्या कक्षेत आणले.

निधीचे तीन मार्ग

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये प्रतिसाद निधी व सौम्यीकरण निधी अशा दोन निराळ्या निधींची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या कालावधीसाठी राज्यांच्या एकत्रित निधीचे 80 टक्के प्रतिसादासाठी व 20 टक्के सौम्यीकरणासाठी, असे विभाजन केले. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा 75 टक्के व राज्याचा 25 टक्के ठरला.

प्रतिसाद निधी आपत्तीनंतरचा आहे. पीकहानीचे साहाय्य सातबाऱ्याच्या आधारे मिळते. त्यावर नाव नसलेल्या शेतमजुरास त्याचा लाभ क्वचितच होतो. बांध मात्र मालक आणि मजूर दोघांचीही उपजीविका राखतो. सौम्यीकरण निधी स्थानिक स्वरूपाच्या, लोकसहभागाच्या कामांसाठी आहे. किनारी भिंती व पूरसंरक्षक तटबंध यांसारखी मोठी कामे त्यातून न करता नियमित विकास योजनांतून करावीत, असे आयोगाने स्पष्ट केले होते. म्हणजेच मोठ्या बांधाच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव खारभूमी विकास यंत्रणेकडे जावयास हवा. चुकीच्या दारी गेलेला प्रस्ताव परत येईपर्यंत पुढचा पावसाळा येऊन ठेपतो.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी 110 ते 120 कि.मी. वेगाने आदळले. अशा प्रसंगी तयार नोंदी असलेले गाव आपली बाजू तत्काळ मांडू शकते. यासाठी ग्रामपंचायतीने दिवाळीनंतर बांधाची शिवारफेरी करावी. खांडी, झिजलेले भाग व नादुरुस्त उघाड्या यांची गट क्रमांकासह नोंद ठेवावी. अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांबरोबर मजूर कुटुंबेही मोजावीत आणि ग्रामसभेच्या ठरावासह प्रस्ताव पाठवावा. कांदळवन क्षेत्रातील कामास लागणारी परवानगी वेळखाऊ असल्याने तिचा अर्ज त्याच वेळी करणे इष्ट. मोजमाप व नकाशा तयार करण्यात शिक्षक व वरिष्ठ विद्यार्थी यांचे साहाय्य घेता येईल.

ज्या गावांची ऐपत कमी, त्यांचीच कागदपत्रे बहुधा अपुरी असतात आणि त्यामुळे गरज मोठी असूनही ती मागे पडतात. अशा गावांचा प्रस्ताव परिपूर्ण करून देणे हे तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांचे खरे साहाय्य ठरेल. खांड पडण्यापूर्वी बांधावर टाकलेली मातीची पाटी नंतरच्या अनुदानाहून अधिक मोलाची असते.