न्हाणीचे पाणी जाते कुठे?



आपण रोज आंघोळ करतो. मोरीत भांडी घासतो. ते पाणी गल्लीत सोडले की डबके होते. अशा घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात. त्यांच्यामुळे हत्तीरोग पसरतो. शिवाय शेजाऱ्यांशी भांडण होते ते वेगळेच! म्हणून न्हाणीचा आणि मोरीचा पाइप एकत्र जोडून पाणी नीट बाहेर न्यावे. ते कसे, हे मी गवंडीकाकांना विचारून लिहिले आहे.

सुमारे ४५०० वर्षांपूर्वी मोहेंजोदडो शहरातल्या पुष्कळ घरांत न्हाणी होती. तिथले पाणी विटांच्या झाकलेल्या गटारात जायचे. तेव्हाच्या लोकांना जमले, तर आपल्याला का नाही जमणार?

१) ट्रॅप : जाळीखाली एक खोलगट भाग बसवतात. दुकानात त्याला ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यात साधारण २ इंच पाणी कायम राहते. तेच झाकणाचे काम करते. त्यामुळे पाइपातला वास घरात येत नाही. न्हाणीला आणि मोरीला वेगवेगळा ट्रॅप पाहिजे. गावाला जाऊन आल्यावर वास आला, तर ट्रॅप सुकला असे समजा. तांब्याभर पाणी ओता, वास थांबतो.

२) उतार : १० फूट पाइपाला ३ इंच उतार द्यावा. गवंडीकाका पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघतात. उतार कमी पडला तर पाइपात घाण बसते.

३) जोड : आमच्या घरी आधी दोन पाइप काटकोनात जोडले होते. आई न्हाणीत बादली ओतायची आणि मोरीच्या जाळीतून फेस वर यायचा! मग बाबांनी तो जोड काढून तिरका ‘वाय’ जोड बसवला. आता पाणी वळण घेऊन सरळ पुढे जाते. फेस बंद झाला.

४) हवा : बादली ओतल्यावर दुसऱ्या जाळीत गुडगुड आवाज आला, तर पाइपाला हवा कमी पडते. तेव्हा ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. म्हणून छपराच्या वर जाणारा एक उभा पाइप लावतात.

५) शेवट : पाणी आधी छोट्या चेंबरमध्ये सोडावे. खरकटे, राख, केस तिथेच खाली बसतात. चेंबर दर आठवड्याला साफ करावे. पुढे मुरमाड जमीन असेल तर शोषखड्डा करावा. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. तिथे केळीला आणि अळूला द्यावे. शोषखड्डा विहिरीजवळ कधीही करू नये. संडासाचा पाइप याला जोडू नये. तो वेगळाच ठेवावा.

संत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडायचे. आपल्या कऱ्हाडला त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. तेव्हा २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पण पाणी आपल्या घरचे, तर काळजीही आपणच घ्यायची.

सांगा पाहू : तुमच्या न्हाणीचे पाणी कुठे जाते? आज घरी जाऊन बघा आणि उद्या वर्गात सांगा.

— इयत्ता चौथी