टोल्यांचे घड्याळ उघडण्यापूर्वी



जुने टोल्यांचे घड्याळ बंद पडले म्हणजे त्यातला जोर संपला, असा पुष्कळांचा समज असतो. तो घातक आहे. पुष्कळदा घड्याळ मळाने किंवा घट्ट झालेल्या तेलाने अडते आणि कमान चावी भरलेलीच राहते. अशा वेळी पितळी प्लेटांचे स्क्रू सोडले, तर चाके भिरभिरतात, दाते तुटतात आणि सुटलेली पोलादी कमान बोटे कापते. डोळ्यालाही इजा करते. म्हणून गटाने शिकताना पहिला पाठ कमान उतरवण्याचाच घ्यावा.

टोल्यांच्या घड्याळात बहुधा दोन कमानी असतात, एक वेळेची व दुसरी टोल्यांची. नवशिका पहिली उतरवतो आणि दुसरी विसरतो! तबकडीवर चावीची भोके किती, ते आधी मोजावे. वजनांवर चालणारे घड्याळ असेल तर प्रथम वजने काढावीत.

लंबक काढून, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून कामाला बसावे. चावीच्या दांड्यावर गोल, गुळगुळीत मुठीचे साधन घट्ट धरून चावी देण्याच्या दिशेने किंचित फिरवले की खिटीवरचा ताण जातो. मग खिटी उचलून मूठ तळहातातून सावकाश घसरू द्यावी. नेहमीची पंखांची चावी येथे नको. ती सुटली तर बोटांवर फटके बसतात. जुन्या अमेरिकी घड्याळांत कमान बहुधा डबीत नसते, उघडीच असते. तिला पूर्ण चावी देऊन भोवती जाड तारेचे कडे अडकवावे आणि त्या कड्यातच ती उतरवावी.

एका टेबलावर चौघे असले की एकाने ठेवलेले घड्याळ दुसरा उचलतो. यासाठी प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी बांधावी: दोन्ही कमानी उतरल्या, आणि कोणी उतरवल्या. चिठ्ठी नसेल तर चावी भरलेली आहे असेच धरावे. चिठ्ठी असली तरी स्क्रूला हात लावणाऱ्याने मूठ लावून स्वतः खात्री करावी. यात कोणी कोणावर अविश्वास दाखवत नाही.

जोडणी झाल्यावर टोले मोजावेत. 1 ते 12 मिळून 78 होतात. अर्ध्या तासाला एकेक टोला असेल तर 90. खाचांच्या चक्राने टोले मोजणाऱ्या घड्याळाला काटे कुठे आहेत हे कळत नाही. टोले पूर्ण पडू न देता काटे पुढे ढकलले की चारला तीनच टोले पडतात. घड्याळ पुन्हा उघडू नये. टोल्यांची तार उचलून मोजणी जुळवावी.