टू-स्ट्रोक इंजिन का तापते? गॅरेजवाल्या कारागिरांसाठी

यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला. तरी या गाड्या संपल्या नाहीत. शौकीन लोक जुनी गाडी शोधून आणतात आणि चांगले पैसे मोजून ती नव्यासारखी करून घेतात. हे काम आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या हाती आहे. पण या कामात एका गोष्टीने नाव खराब होते. बोअर करून, नवा पिस्टन टाकून दिलेली गाडी महिन्याभरात पुन्हा जाम होते. गिऱ्हाईक पिस्टनला नावे ठेवते, स्पेअर पार्टवाला लेथवाल्याकडे बोट दाखवतो आणि लेथवाला मेकॅनिककडे. पुष्कळदा दोष तिघांचाही नसतो. इंजिन ज्या कारणाने तापत होते ते कारण तसेच राहिलेले असते.

उष्णता कोठून येते?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. मिनिटाला ७५०० फेरे असतील तर सेकंदाला १२५ स्फोट झाले. पिस्टनला थंड व्हायला उसंतच नाही. शिवाय खाली तेलाचे चेंबर भरलेले नसते. पेट्रोलबरोबर येणारे थोडेसे टू-टी तेल, आत येणारे थंड मिश्रण आणि बाहेरच्या पात्यांवरून वाहणारा वारा, एवढ्यावरच सारी मदार असते. यातले एक जरी कमी पडले तरी उष्णता साठू लागते.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि बहुतेक जुन्या गाड्यांत स्लीव्ह बिडाची. ५० मिमी व्यासाचा पिस्टन १०० अंश तापला तर सुमारे ०.१० मिमी फुगतो. तेवढ्याच उष्णतेने बिडाचा बोअर सुमारे ०.०५ मिमी वाढतो. त्यात पिस्टन स्लीव्हपेक्षा नेहमी जास्त तापलेला असतो. म्हणून बोअर करताना ठेवलेली फट हाच पिस्टनचा श्वास आहे. पिस्टन हाताने सरकवून अंदाज घेऊ नये. कंपनीच्या पुस्तकातील माप पाहावे आणि मायक्रोमीटर लावूनच लेथवाल्याकडून काम घ्यावे.

जुना पिस्टन फेकू नका, वाचा

उघडलेला पिस्टन आजार सांगतो. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापले आहे, बहुधा मिश्रणात पेट्रोल कमी पडले आहे. चारही बाजूंना सारखे पट्टे असतील तर फट कमी ठेवली आहे किंवा थंड इंजिन एकदम पळवले आहे. सगळीकडे कोरडी घासण दिसली तर तेल पोहोचलेले नाही. डोक्याला भोक पडले असेल तर टायमिंग फार पुढे आहे, प्लग चुकीचा आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे. हे पाहिल्याशिवाय नवा पिस्टन बसवणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे.

तपासणी या क्रमाने करावी

१) हवा कोठून शिरते ते पाहा. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधले रबर चिरले असेल किंवा मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील गेले असेल तर जादा हवा आत ओढली जाते. ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनचा आवाज लवकर खाली येत नाही, ही त्याची खूण. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल जळून पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी घटते.

२) तेल मोजून घाला. १:५० म्हणजे लिटरला २० मिलि, १:२५ म्हणजे ४० मिलि. कंपनीने सांगितलेले प्रमाण पाळावे. जास्त तेलाने इंजिन थंड राहते हा गैरसमज आहे. तेल वाढले की तेवढ्या जागेत पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण उलट पातळ होते. तेलाचा पंप असलेल्या गाडीत टाकी एकदा रिकामी झाली असेल तर नळीतली हवा काढलीच पाहिजे.

३) प्लगचा नंबर जपा. एनजीकेमध्ये नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या डब्ल्यू मालिकेच्या नव्या नंबरांत मात्र उलट, लहान नंबर थंड. स्पेअर विकणाऱ्यांनी हे पाठच करावे. प्लगचा रंग विटकरी-तपकिरी असावा. पांढराफटक दिसला तर धोका समजावा.

४) पात्यांमधला चिखल-तेलाचा थर काढा. त्यांवर जाड रंग चढवू नका. एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरमधला कार्बनही साफ करा.

५) चेतकसारख्या जुन्या स्कूटरला वारा पंखा देतो आणि पत्र्याचे झाकण तो सिलिंडरवर वळवते. ते झाकण काढून स्कूटर चालवू नये.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला सुमारे साडेतेरा. जुन्या जेटवर तीच गाडी म्हणूनच पातळ चालते. मेन जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग पुन्हा पाहावा. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल ते ओढून घेऊन तळाशी बसतो. त्या थरात तेल फारसे नसते आणि नळ तळातूनच ओढतो. म्हणून महिनोन्महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी रिकामी करून ठेवायला सांगा.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

नव्या बोअरवर पहिले काही शे किलोमीटर वजन कमी आणि वेग बदलता ठेवावा. सकाळी स्टार्ट करताच पळवू नये. कुंभार्ली किंवा खंबाटकीचा घाट चढताना गाडी ओढत नसेल तर वेळीच गिअर खाली घ्यावा. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली तर पेट्रोल नाही, म्हणजे मिश्रणातले तेलही नाही. मधून मधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा.

या सूचना बिलाच्या मागे छापून द्याव्यात. बिलावर बोअरचे माप, ठेवलेली फट, जेट आणि प्लगचा नंबरही लिहावा. खर्च नाममात्र आहे, पण उद्या तक्रार आली तर भांडण न होता हिशेब समोर राहतो. कारागिराची साख अशा नोंदींवरच टिकते.