खबर आणि जबाबदारी : 'माहिती' या शब्दाचे विविध विद्याशाखांतील अर्थ

'माहिती' हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. मुलगा परीक्षेची माहिती आणतो, डॉक्टर आजाराची माहिती विचारतात, तहसील कार्यालयात योजनेची माहिती मिळते आणि मोबाइलवर तर तिचा ओघ अखंड सुरू असतो. शब्द एकच, परंतु अभियंता, जीवशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित आणि मुहद्दिस अर्थात हदीसचे अभ्यासक या पाच जणांना 'माहिती म्हणजे काय?' असे विचारले, तर पाच निरनिराळी उत्तरे मिळतील. त्यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे नाही. प्रत्येक विद्याशाखा आपल्या गरजेपुरता अर्थ घेते. मात्र एका शाखेचा अर्थ दुसरीकडे नकळत लावला गेला की घोटाळा होतो. जे वेगाने पोहोचले ते खरे, जे नोंदीत आहे ते सिद्ध आणि जे खरे आहे ते सर्वांना सांगण्याजोगे, असे आपण मानू लागतो. म्हणून या लेखात हे अर्थ क्रमाने समजून घेऊ आणि आपल्या घरात येणाऱ्या खबरीला कोणता निकष लावावा, हे पाहू.

१. संदेशवहनशास्त्र : माहितीचे माप

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावर एक निबंध प्रसिद्ध केला. तारेतून किंवा लहरींतून जाणारा संदेश न बिघडता आणि काटकसरीने पलीकडे कसा पोहोचवावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यासाठी माहितीचे माप हवे होते. शॅनन यांनी ते अनिश्चिततेत शोधले. नाणे उडवल्यावर छाप पडेल की काटा, हे आधी ठाऊक नसते. निकाल कळला की दोन शक्यतांपैकी एकच उरते. या दूर झालेल्या अनिश्चिततेचे माप म्हणजे १ 'बिट'. सारख्याच संभाव्य अशा ८ गोष्टींपैकी एक निश्चित झाली, तर ३ बिट. सूर्य उद्या पूर्वेला उगवेल, हे सांगण्यात माहिती जवळजवळ शून्य. जे जितके अनपेक्षित, त्यात माहिती तितकी अधिक.

भाषेतील सर्व अक्षरे सारख्या प्रमाणात येत नाहीत, ही गोष्टही या गणितात महत्त्वाची आहे. याच गोष्टीचा उपयोग शॅनन यांच्या सुमारे अकराशे वर्षे आधी, नवव्या शतकात, बगदादचे विद्वान अल्-किंदी यांनी गुप्तलिपी उलगडण्यासाठी केला होता. लपवलेल्या मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजून मूळ अक्षर ओळखण्याची रीत त्यांनी लिहून ठेवली.

परंतु या शास्त्राची एक मर्यादा शॅनन यांनी स्वतःच आरंभी सांगितली आहे : संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही. 'पूल शाबूत आहे' आणि 'पूल कोसळला' यांपैकी खरे कोणते, हे तारेला कळत नाही. ती दोन्ही संदेश सारख्याच निष्ठेने पोहोचवते. हा यंत्राचा दोष नव्हे. खरे-खोटे पाहणे हे त्याचे कामच नाही.

२. जीवशास्त्र : माहिती म्हणजे कृतीची सूचना

१९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्यानंतर जीवशास्त्रातही माहितीची भाषा रूढ झाली. डीएनएमध्ये ४ रासायनिक अक्षरे असतात. तीन-तीन अक्षरांचे ६४ गट होतात आणि त्यांच्या आधारे पेशी २० प्रकारची अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने जोडून प्रथिने तयार करते. मानवी जनुकसंचात अशा अक्षरांच्या सुमारे ३ अब्ज जोड्या असतात. येथे माहिती म्हणजे केवळ कळणे नव्हे. ती अमलात येणारी सूचना आहे.

अशा सूचनेत एक अक्षर बदलले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विदर्भात, तसेच नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागात आढळणारा सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या सूचनेतील केवळ एका अक्षराच्या बदलामुळे होतो. तेवढ्याने तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रुग्णाला आयुष्यभर वेदना सोसाव्या लागतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पेशीने अक्षरे जशी मिळाली तशीच वाचली. चूक वाचनात नाही, आलेल्या मजकुरात आहे. प्रामाणिकपणे पुढे दिलेली चुकीची गोष्टही हानी करते, हा धडा येथे मिळतो.

३. अर्थशास्त्र : कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही

अर्थशास्त्राचा प्रश्न निराळा आहे. व्यवहारातील दोघांपैकी एकाला अधिक ठाऊक असेल तर काय होते? जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे समजावले. गाडीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. फसण्याच्या भीतीने गिऱ्हाईक कमी भाव देते. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक ती विकत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरतात. एकाने दडवलेल्या माहितीची किंमत प्रामाणिक विक्रेत्यालाही मोजावी लागते. या अभ्यासाबद्दल ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हदीस वाचणाऱ्याला येथे धान्याच्या राशीचा प्रसंग आठवल्याशिवाय राहणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे व्यापाऱ्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. हा प्रसंग 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. व्यापाऱ्याने तोंडाने खोटे काही सांगितले नव्हते. त्याने फक्त ओले धान्य खाली ठेवले होते. इस्लामी न्यायशास्त्राने यावरून ग्राहकाचा हक्कही मान्य केला : न सांगितलेला दोष आढळल्यास त्याला माल परत करता येतो. माहिती दडवणे हीसुद्धा एक कृतीच आहे.

४. कायदा : माहिती म्हणजे नागरिकाचा हक्क

महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. पुढे संपूर्ण देशासाठी २००५ चा कायदा झाला. या कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येत अभिलेख, दस्तऐवज, टिपणे, ई-मेल, अभिप्राय, करार, अहवाल, नमुने असे सारे येते. सामान्यतः ३० दिवसांत आणि एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर मिळाले पाहिजे. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, रस्त्याचे काम अशा बाबतींत हा अधिकार सामान्य कुटुंबाच्या फार कामी येतो.

तरीही कायद्याचा अर्थ नीट ओळखावा. कार्यालयाजवळ जे नोंदलेले आहे, ते मिळवण्याचा हा हक्क आहे. नोंदच चुकीची असेल, तर तिची साक्षांकित प्रतही चुकीचीच मिळेल. शिक्का सांगतो की नोंद अशी आहे. वस्तुस्थिती तशी आहे, याची हमी तो देत नाही.

५. हदीसशास्त्र : कोणी सांगितले आणि त्याला कसे कळले

अरबी अलंकारशास्त्रात वाक्यांचे दोन भाग केले जातात. आज्ञा, प्रश्न, प्रार्थना ही 'इन्शा'. आणि जे खरे किंवा खोटे ठरू शकते, ते विधान म्हणजे 'खबर'. मराठीत रुळलेला खबर हा शब्द तोच. म्हणजे खबर म्हटले की तिच्या खरेपणाचा प्रश्न तिच्या व्याख्येतच आला. या प्रश्नाला सर्वांत बारकाईने भिडले ते मुहद्दिस.

त्यांच्या दृष्टीने हदीसचे दोन भाग असतात : 'मत्न' म्हणजे मजकूर आणि 'इस्नाद' म्हणजे तो मजकूर कोणाकडून कोणाकडे आला त्या निवेदकांची साखळी. सहीह हदीससाठी साखळी कोठेही तुटलेली नसावी. प्रत्येक निवेदक चारित्र्याने विश्वासार्ह असावा, यास 'अदालत' म्हणतात. त्याची स्मरणशक्ती किंवा लिखित नोंद अचूक असावी, यास 'जब्त' म्हणतात. कथन अधिक विश्वसनीय निवेदकांच्या विरोधात जाणारे नसावे. आणि त्यात एखादा सुप्त दोष नसावा. यासाठी हजारो निवेदकांची चरित्रे तपासली गेली. इब्न हजर अस्कलानी (रह.) यांनी 'तकरीबुत्तहजीब' या ग्रंथात निवेदकांच्या १२ श्रेणी लावल्या आहेत. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी एका हदीससाठी उंट खरेदी करून महिनाभराचा प्रवास केला आणि शाममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्या तोंडून ती ऐकली. हदीस त्यांच्या कानांवर आधीच आली होती. परंतु प्रत्यक्ष ऐकणाऱ्याकडून ती घेणे त्यांना आवश्यक वाटले.

यातील एक भेद आपल्या घरांसाठी विशेष मोलाचा आहे. अदालत आणि जब्त या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. माणूस नमाजी, सत्यवचनी, दानशूर असेल; पण त्याची आठवण कच्ची असेल किंवा तो कोणाकडूनही काहीही घेत असेल, तर मुहद्दिसांनी त्याचा आदर केला, परंतु त्याचे कथन प्रमाण मानले नाही. हेतू नसतानाही ज्यांच्या तोंडून असत्य निघून जाई, अशा नेक लोकांचा उल्लेख 'सहीह मुस्लिम'च्या प्रस्तावनेत आला आहे. 'अमुक चाचांनी पाठवले आहे, ते खोटे कशाला बोलतील?' हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा पडतो. चाचा खोटे बोलत नाहीत, हे मान्य. परंतु त्यांना ते कोणाकडून कळले आणि त्या आधीच्याला कोणाकडून? बहुतेक वेळा साखळी दुसऱ्याच कडीला तुटते.

६. खरे असले तरी सांगावे का?

खरेपणा सिद्ध झाला म्हणजे काम संपले असेही नाही. पाठीमागे केलेली निंदा खरी असेल तर ती 'गीबत' आणि खोटी असेल तर 'बुहतान', असा खुलासा प्रेषितांनी (स.) केला आहे. म्हणजे गीबतीत माहिती खरी असते आणि तरीही ती पाप ठरते. उलट, हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या स्थळांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या पुरुषांच्या उणिवा स्पष्टपणे सांगितल्या, कारण एका स्त्रीच्या आयुष्याचा निर्णय त्यावर अवलंबून होता. विचारणाऱ्याचा हक्क असेल तेथे सांगणे हे कर्तव्य आहे; नुसत्या कुतूहलापोटी सांगणे हा अपराध आहे. वर सांगितलेल्या सिकलसेलची तपासणी झाली असेल, तर तिचा निष्कर्ष स्थळ ठरवताना दुसऱ्या कुटुंबापासून लपवू नये आणि मोहल्ल्यात त्याची चर्चाही करू नये. माहिती तीच, एकाला ती कळण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला नाही.

७. आपल्या हातातील खबर

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते भिक्षेवर गुजराण करणाऱ्या भटक्या समाजातील निरपराध माणसे होती. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. आता वरील अर्थ लावून पाहा. यंत्राच्या दृष्टीने संदेश अचूक पोहोचला होता. पुढे पाठवणाऱ्यांत अनेकांचा हेतू मुलांना जपण्याचाच असेल. तरीही पाच घरे उद्ध्वस्त झाली. कारण हे कोणी पाहिले, हा प्रश्न विचारला गेला नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमधील सहावी आयत श्रद्धावंतांना नेमकी हीच ताकीद देते : बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करावी, नाही तर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होईल आणि पश्चात्तापाची वेळ येईल. सूरह अन्-निसामध्ये भीतीची किंवा शांततेची बातमी येताच ती पसरवणाऱ्यांना दोष दिला आहे आणि ती जाणत्या, जबाबदार लोकांकडे नेण्याची शिकवण दिली आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असेही हदीसमध्ये आले आहे.

आपल्या भाषेत दोन शब्द शेजारी नांदतात : खबरदार आणि जबाबदार. पहिला खबर बाळगणारा, दुसरा जबाब देणारा. यंत्राला खबर वाहता येते, जबाब देता येत नाही. तो संदेश पुढे ढकलणाऱ्या माणसालाच, या जगात आणि परलोकातही, द्यावा लागणार आहे.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. या आठवड्यात आपण पुढे पाठवलेला एक संदेश निवडा. त्याचा मूळ सांगणारा कोण, हे किती कड्यांपर्यंत शोधता येते?
२. अदालत आणि जब्त यांतील फरक आपल्या ओळखीच्या व्यवहारातील उदाहरणाने, कोणाचेही नाव न घेता, मुलांना समजावून सांगा.
३. धान्याच्या राशीचा प्रसंग आणि जुन्या मोटारींचा बाजार यांत साम्य कोणते? आपल्या धंद्यात किंवा नोकरीत 'खाली ठेवलेले ओले धान्य' कोणते असू शकते?